नियम क्रमांक चार

चहा घ्या. शेवटचा घोट मात्र कपातच राहू द्या, तळाशी चोथा आहे. तो का आहे हे सांगायचे, तर मला माझ्या फजितीची संपूर्ण हकिकत सांगावी लागेल. आणि सांगताना माझा आवाज चढला, तर कृपा करून मला आवरू नका. चार महिने झाले, अजून अंगाचा तिळपापड होतो!

आमच्या शिरूरमध्ये कुलमर्यादा रक्षण मंच नावाची एक संघटना आहे. नाव भारदस्त, उद्योग एकच. दुसऱ्याच्या घरातली मुलगी काय नेसते, कोणाशी बोलते, कोणाशी लग्न करते, याविषयी तहसीलदारांना निवेदने द्यायची. तिचे चिटणीस वामनराव, गावाचे आप्पा. कपाळावरचे गंध रस्त्याच्या पलीकडूनही स्पष्ट दिसावे, असे गृहस्थ. एके दिवशी ते कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, तुम्ही जुन्या मॅट्रिक. तुमच्यासारखी भाषा आख्ख्या तालुक्यात कोणाची नाही. एवढं निवेदन नजरेखालून घाला."

प्रेमविवाहाला आईवडिलांची सही सक्तीची करा, अशी मागणी होती. पहिलेच वाक्य नऊ ओळींचे आणि क्रियापदाचा पत्ता नाही! मी तत्काळ लाल शाई घेतली. मजकूर मला पटला होता का, असे विचारता? अहो, मजकुराकडे पाहिलेच कोणी! मी वाक्ये सरळ केली, परिच्छेद पाडले आणि धन्य झाले. ज्या कागदाने कोणाची तरी मुलगी घरात कोंडली जाणार, त्या कागदाला मी सुबक समास आखून दिला! ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे त्यांनी मला महिला शाखेची अध्यक्षा केले आणि मी झाले. यजमान जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. "विधवा बाईंना अध्यक्षा केलं, बघा आम्ही किती पुढारलेले!" असे वामनराव गावभर सांगत. मला तेही सुखावह वाटे. काय म्हणावे या अकलेला!

मग आले संक्रांतीचे हळदीकुंकू. त्यातली मेख अशी, की वाण घ्यायला बायका येणार, आल्या की निवेदनावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. वाण होते स्टीलची चहाची गाळणी. आदल्या वर्षी म्हणे चेंगराचेंगरी झाली होती.

"बाई, यंदा नियम तुम्हीच करा. कडक करा," वामनराव म्हणाले.

कडक! हा शब्द ऐकला की माझ्या अंगात वारे शिरते. मी पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने, टपोऱ्या अक्षरांत सहा नियम लिहिले. पहिले तीन वेळेचे आणि रांगेचे. चौथा असा: सभागृहात प्रवेश केवळ सुवासिनींना. हा आग्रह वामनरावांचा; अक्षर माझे. पाचवा: पद कितीही मोठे असो, कोणासही अपवाद नाही. सहावा: नियमांत बदल फक्त अध्यक्षांनी, सभागृहात बसून, सर्वांसमक्ष करावा.

आपण स्वतः विधवा आहोत हे तुम्हाला सुचले नाही का, असे तुम्ही मनात म्हणत असाल. नाही सुचले! नियम करणारा माणूस स्वतःला त्यात धरतो का कधी? मी अध्यक्षा. माझी खुर्ची व्यासपीठावर. विधवा म्हणजे दुसऱ्या कोणीतरी बायका!

याहून कहर पुढेच आहे. दौंडला माझी शाळासोबतीण असते, सुमन. संक्रांतीच्या आठ महिने आधी तिचे यजमान गेले, तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. नातवाच्या वाढदिवशीसुद्धा आतल्या खोलीत बसून राहिली. मी तिला फोन केला.

"मी कुठे येऊ गं? लोक काय म्हणतील?"

"लोक? मी अध्यक्षा आहे तिथली! तुला कोण अडवतो, तेच पाहते!"

शेवटी एसटीने आली बिचारी. स्थानकावर उतरली, तेव्हा अंगावर आठ महिन्यांत प्रथमच इस्त्रीचे लुगडे होते. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "वत्सल, तुझ्या शब्दावर आले हं. आज कोणी काही बोलले, तर मी पुन्हा घरातून निघायची नाही."

दोघी सभागृहाच्या दारात पोहोचलो. दारावर निमोण्याची सिंधू उभी होती, कमरेला पदर खोचून. तिला मीच निवडले होते, आणि आदल्या दिवशी मीच तासभर पढवले होते.

"थांबा आजी. या बाई कोन?"

"माझी मैत्रीण आहे. आत सोड."

सिंधूने सुमनच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले, मग पुठ्ठ्याकडे पाहिले. "नियम चार. न्हाई जमायचं."

"अगं, मी सांगते आहे ना!"

"कालच तुमी म्हनला व्हता, मी सांगितलं तरी ऐकायचं न्हाई. ध्यानात हाय माज्या."

"मी अध्यक्षा आहे, सिंधू!"

"त्येच तर! पाच नंबर वाचा की. पद कितीबी मोठं आसू द्या. आन् आजी..." ती जरा घुटमळली. "राग धरू नगा, पर तुमीबी न्हाई जाऊ शकत. मालक जाऊन आकरा वर्सं झाली न्हवं तुमचं?"

मागून रांग खेकसली, "व्हा की बाजूला! गाळण्या संपतील सगळ्या!"

गलका ऐकून वामनराव धावत आले. प्रकार समजताच माझ्या कानाशी कुजबुजले, "बाई, तुम्ही मागच्या दाराने या. पाहुणे आलेत. यांना आपण बाहेर खुर्ची देऊ."

"बाहेर खुर्ची? त्यापेक्षा तो चौथा नियम आत्ताच्या आत्ता रद्द करते मी!"

"सहा नंबर," सिंधू शांतपणे म्हणाली. "आत बसूनच बदलायचा. आन् आत तर सोडायचं न्हाई. आप्पा, तुमीच सांगा आता, करू काय म्या?"

आप्पांना घाम फुटला. मी असा चोख बंदोबस्त केला होता, की प्रत्यक्ष ब्रह्मदेवाला त्यात फट सापडली नसती!

आता एक गोष्ट सांगते, ती मला आजही डाचते. मागच्या दाराचे नाव ऐकताच माझा एक पाय आपोआप उचलला गेला होता. व्यासपीठ, हार, भाषण! सुमनने तो पाय पाहिला.

"जा गं तू," ती हळूच म्हणाली. "मी परतीची गाडी बघते."

पाय खाली टेकला. मी तिचा दंड धरला आणि तिथेच, चपलांच्या ढिगाऱ्याशेजारी, पायरीवर बसकण मारली. "वामनराव, जा तुम्ही आत. आणि ते निवेदन माझ्या सहीशिवायच जाईल, एवढे लक्षात ठेवा!" गृहस्थ गंधासकट पांढरा पडला.

पण निर्लज्जपणा बघा! पाच मिनिटांनी कर्ण्यातून आवाज आला. वामनराव माझेच भाषण वाचत होते! विषय, स्त्रीचा सन्मान. "ज्या घराच्या दारात स्त्री ताठ मानेने उभी असते..." आणि ते लिहिणारी मी दाराबाहेर, कोणाच्या तरी तुटक्या चपलेवर पाय ठेवून! रागाने माझी कानशिले तापली. तेवढ्यात त्यांनी सरळ तिसऱ्या परिच्छेदाला हात घातला.

"दुसरा परिच्छेद गाळला मेल्याने!" मी ताडकन उठून ओरडले. "तोच तर गाभा आहे!"

शेजारी काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. पाहते तर सुमन हसत होती! तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं वत्सल, शाळेत बाईंनी वर्गाबाहेर काढले, तरी तू खिडकीतून उत्तरे सांगायचीस! अजून तश्शीच गं तू, तश्शीच!"

मला हसावे की रडावे कळेना. सिंधू दोन लाडू घेऊन आली. "घ्या तिळगूळ. याचा नियम न्हाई लिवलेला तुमी."

दुसऱ्याच दिवशी मी राजीनामा धाडला. कडक भाषेत, तीन पाने. वामनराव म्हणे त्यातली दोन वाक्ये पुढच्या निवेदनात वापरणार आहेत. आता बोला!

तर चोथा. नवी गाळणी मिळणार म्हणून जुनी मी आदल्या दिवशीच भंगारात दिली होती. अध्यक्षांना वाण मिळणार नाही, हे कोणाच्या स्वप्नात येईल? आता विकत आणायची नाही, असा माझा निश्चय आहे. रोज सकाळी दाताखाली चोथा आला, की आपली अक्कल आठवते.

सुमन मात्र आता दर पंधरवड्याला दौंडहून येते. येताना पिशवीत स्वतःची गाळणी आणते, स्वतःचा कप नीट गाळते आणि गाळणी पुसून परत पिशवीत टाकते. "मलाही दे की गं," असे म्हटले, की माझ्याकडे चष्म्यावरून पाहते आणि म्हणते:

"पद कितीही मोठे असो, कोणासही अपवाद नाही."