एइनो रास्कलाच्या अकरा रायफली

एइनो रास्कलाने आयुष्यात अकरा रायफली बदलून दिल्या. त्यांतल्या एकीने माणूस मारला, असं तो स्वतः म्हणायचा. गावात दुसरं कुणी तसं म्हणत नसे.

गाव म्हणजे उत्तरेच्या बर्फाळ मुलखात केनाई नदीच्या काठची पंधरा-वीस घरं, एक पोस्ट आणि एक दुकान. एइनो आधी सीवर्डच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता. गुडघे कुरकुरायला लागले तशी त्याने नोकरी सोडली आणि बायको हिल्या व एक जुनं लेथ यंत्र घेऊन तो इथे येऊन राहिला. बोटीची मोटर, शिलाई मशीन, चुलीचं झाकण, जे बिघडेल ते लोक त्याच्याकडे आणत. रायफलीही आणत.

बहुतेक घरांत आजोबांच्या वेळची लिव्हरची रायफल असे. खालची लिव्हर पुढे ढकलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. आखूड, हलकी, झुडपात वळवायला सोपी. पण तिची गोळी पडली मवाळ. हरणाला पुरे, तपकिरी अस्वलाला नाही. आणि आल्डरच्या झुडपांच्या दाटीत अस्वल दिसतं तेच मुळी दहा पावलांवर. १९५१ साली गावातल्या एकाने सहा गोळ्या घातल्या तरी अस्वल त्याच्यापर्यंत पोचलं आणि त्याचा हात खांद्यापासून गेला. त्याचीच रायफल एइनोने पहिल्यांदा बदलली.

जुनी नळी काढून तो जवळजवळ अर्ध्या इंचाच्या भोकाची नवी नळी बसवी. दुसऱ्या एका काडतुसाचं पितळ घेऊन त्याचं तोंड रुंद करी. मग रायफलीच्या पोटात काडतूस वर उचलणारी जी पट्टी असते ती कानशीने घाशी, जाड काडतुसाला वाट मिळावी म्हणून. हे काम सगळ्यात किचकट. पहिला बार रायफल टायरला बांधून, स्वतः लाकडांच्या ढिगाऱ्याआड बसून, दोरी ओढून काढी. त्यानंतर महिनाभर ती स्वतःजवळ ठेवून दोनशे वेळा तरी भरून, चालवून बघी. त्याआधी हातात देत नसे.

"उडते की नाही याची मला काळजी नसते," तो म्हणे, "दुसऱ्यांदा भरते की नाही, याची असते."

अकरावी रायफल लीलंड टॅकची. लीलंड बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना अस्वलाच्या मागावर नेई. बोलका माणूस, दारातून आत यायच्या आधी त्याचा आवाज आत येई. सप्टेंबर १९५४, रायफल जोडून पाच दिवस झाले होते आणि तो ती न्यायला आला.

"अजून महिना लागेल," एइनो म्हणाला.

"महिना? अरे बाबा, पाहुणे सोमवारच्या विमानाने येतायत. अस्वल समोर आलं की मी काय तोंडाने ठो करू?"

"तोवर दुसऱ्या कुणाची माग."

"लोक आपली बायको उसनी देतील, शिकारीच्या दिवसांत रायफल नाही देणार."

हिल्या चुलीपाशी हसली. "देऊन टाक रे त्याला. नाहीतर जेवायलाही इथेच बसेल."

"बसणारच आहे," लीलंड म्हणाला आणि त्याने खुर्ची ओढली.

एइनोने चाळीस वेळा भरून बघितली होती. चाळीस वेळा ती लोण्यासारखी चालली होती. मूस हरणाच्या मांसाचा रस्सा खाऊन लीलंड गेला, तो रायफल खांद्याला अडकवूनच.

नवव्या दिवशी दुपारी सिमियन आला. सिमियन तिथल्या मूळच्या डेनाइना जमातीचा, लीलंडबरोबर कायम ओझी वाहायला आणि माग काढायला असे. त्याच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वाळलेल्या रक्ताने ताठ झाल्या होत्या. हातात लीलंडची रायफल, तिची लिव्हर अर्धवट उघडी.

"पाहुण्याने अस्वल जखमी करून ठेवलं," तो म्हणाला. "आम्ही दोघं त्याच्या मागे आल्डरमध्ये शिरलो. ते बाजूने आलं. लीलंडने एक घातली, चांगली छातीत बसली, अस्वल गुडघ्यावर आलं. मग उठलं. लीलंडने लिव्हर ओढली आणि ती तिथेच अडकली. तो ओढत राहिला, म्हाताऱ्या. शेवटपर्यंत ओढत होता."

"आणि तू?"

"माझ्या छोट्या बंदुकीने पाच घातल्या. पाचवीला ते पडलं. लीलंड संध्याकाळपर्यंत जिवंत होता. विमान सकाळी आलं." त्याने रायफल टेबलावर ठेवली. "सरकारी मार्शलने बघितली आणि कागदावर लिहिलं, अस्वलाने मारलं. मी तिला हात लावलेला नाही. तू बघ."

एइनोने ती शिकंज्यात धरली. दुसरं काडतूस तिरकं उभं राहून नळीच्या तोंडाशी पाचरीसारखं बसलं होतं. त्याने ते काढलं, रायफल पुसली आणि पुन्हा भरून चालवली. चालली. पन्नास वेळा चालली.

उठला तो रायफल घेऊन थेट नदीवर गेला. तिथून घरापर्यंतच्या चढावर, कुरकुरत्या गुडघ्यांनी, एकसष्ट वर्षांचा तो माणूस पळत आला आणि धाप लागलेली असतानाच त्याने जिवाच्या आकांताने लिव्हर ओढली. चालली. तो पुन्हा खाली गेला. हिल्या खिडकीतून बघत होती. तिसऱ्या वेळी काडतूस तिरकं झालं आणि लिव्हर अर्ध्यावर अडकली.

काडतूस उचलणाऱ्या पट्टीची एक कड केसभर जास्त राहिली होती. शांत हाताने ओढली तर काडतूस तिच्यावरून घसरून जाई. भ्यालेल्या हाताने हिसडली तर तिला अडून उभं राही. एइनोने आजवर प्रत्येक रायफल बाकावर बसून, कॉफी पीत पीत तपासली होती. आल्डरमध्ये कुणाचाच हात तसा चालत नाही.

दुसऱ्या दिवशी तो लीलंडच्या बायकोकडे गेला. व्हर्ना टॅक अंगणात सामन मासे चिरून धुरीच्या खोपटात टांगत होती. मेलं माणूस तरी मासे थांबत नाहीत. एइनोने टोपी काढली आणि सगळं सांगितलं. पट्टी, कड, नदीवरून पळत येणं. काही गाळलं नाही.

तिची सुरी चालतच होती. "मार्शल तर म्हणाला, रायफलीचा दोष नाही."

"त्याला कळलं नाही. दोष माझा आहे."

"लीलंडनेच घाई केली. मला येऊन सांगितलं होतं त्याने, म्हाताऱ्याकडून गोड बोलून काढून आणली म्हणून."

"मी द्यायला नको होती."

व्हर्नाने मासा बाजूला ठेवला. "आत्तापर्यंत मला वाटत होतं, त्याची वेळ भरली होती. ते मला सोसत होतं. आता तू येऊन म्हणतोयस की केसभर लोखंडाने गेला. हे मला कशाला सांगितलंस? तुझं ओझं कमी व्हावं म्हणून?"

"असेल," एइनो म्हणाला.

"झालं का कमी?"

"नाही."

"मग जा आता."

तो फाटकापर्यंत पोचला तेव्हा तिने मागून विचारलं, "बाकीच्या कुणाकुणाकडे आहेत?"

त्याने दहा नावं सांगितली.

"त्या पण तू बसूनच तपासल्यास ना?"

त्या हिवाळ्यात एइनो घरी फारसा राहिला नाही. ट्रकने, टपालाच्या विमानाने, एकदा कुत्र्यांच्या गाडीने, तो एकेका रायफलीच्या मागे गेला. चार जणांनी मुकाट्याने दिली. निनिल्चिकच्या एका मासेमाराने मात्र त्याला दारातच उभं ठेवलं.

"तीन वर्षं वापरतोय. दोन अस्वलं मारली. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, आजोबा?"

"त्या लाकडाच्या ढिगापर्यंत पळत जा, पळत ये आणि ओढ. नाही अडकली तर मी निघून जातो."

माणूस हसत गेला. पाच वेळा पळाला, एकदाही अडकली नाही. मग मासेमाराच्या बायकोने आतून सांगितलं, "आता बास झालं, अजून एकदाच पळ आणि ये." त्या खेपेला अडकली. माणसाने ती उलटसुलट करून बघितली, एइनोच्या हातात दिली आणि कॉफी ठेवायला आत गेला.

दहापैकी नऊ रायफली आल्या. सहांत काही नव्हतं, तिघींत तीच कड निघाली. दहावी ज्याची होती तो फेअरबँक्सकडे निघून गेला होता. पुढे कुठे, कुणाला माहीत नव्हतं. एइनोने त्या भागातल्या पोस्टांना, खाणींना, दुकानांना त्या माणसाची चौकशी करणारी पत्रं टाकली. दरवर्षी अस्वलं बाहेर पडायच्या आधी टाकी. काही परत येत, काही येतही नसत.

लीलंडची रायफल दुरुस्त करून तो व्हर्नाकडे घेऊन गेला होता. तिने ती घेतली, कारण घर रानात होतं आणि ती एकटी होती. त्याला आत बोलावलं नाही. पुढे तेरा वर्षं दोघं एकाच पोस्टात, एकाच दुकानात भेटत राहिले. ती मान हलवी, तो टोपीला हात लावी. त्याने पुन्हा कुणाची रायफल बदलून दिली नाही. "देऊन टाक रे त्याला" हे आपणच म्हटलं होतं, हे हिल्याने कधी तोंडातून काढलं नाही. त्यानेही नाही. पण लीलंड गेल्यानंतर घरात कुणी जेवायला थांबलं की ती ताट वाढून बाहेर ओट्यावर जाऊन बसे.

१९६७च्या मार्चमध्ये एइनो फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. जमीन गोठलेली, खड्ड्यासाठी दोन दिवस जाळ घालावा लागला. मातीनंतर लोक घरी जेवायला आले. व्हर्ना टॅकही आली. ती या घरात पहिल्यांदाच आली होती. कोट न काढता ती चुलीजवळ हिल्यापाशी उभी राहिली.

"ती दहावी सापडली का?" तिने हळू आवाजात विचारलं.

"नाही," हिल्या म्हणाली. "या वर्षीची पत्रं त्याने लिहून ठेवलीत. टाकायची राहिली."

व्हर्ना म्हणाली, "कुठे आहेत? मी उद्या पोस्टात जाणारच आहे."

हिल्याने कपाटातून गठ्ठा काढून तिला दिला. व्हर्नाने तो कोटाच्या खिशात घातला, उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं उचललं आणि माणसं बसली होती तिकडे वाढायला गेली.