काचेआडचं ऊन

अन्याय झाला तो ऊनकाकूंवर, आणि झाला गेल्याच्या गेल्या वर्षी, रथसप्तमीच्या सकाळी, दूध उतू जायच्या आत. त्या सकाळी दौलतगंजातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप लागलं. दिवस आणि वेळ आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोक म्हणतात, "काय करणार, हळूहळू होत गेलं सगळं." कुलूप हळूहळू लागत नाही. ते कोणीतरी लावतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या दारावर त्यांचं खरं नाव होतं, पण त्यांना ऊनकाकू सोडून दुसरं काही म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. ग्वाल्हेरच्या थंडीत अख्खी इमारत शाली आणि माकडटोप्यांत गुंडाळून बसायची, तेव्हा या बाई गच्चीवर पोलक्याच्या बाह्या खांद्यापर्यंत सारून, स्वेटर बाजूला ठेवून, उन्हाकडे पाठ करून बसलेल्या असायच्या. थोड्या वेळाने फिरून बसायच्या. "एक बाजू झाली, आता दुसरी," असं तव्यावरच्या भाकरीबद्दल बोलावं तसं स्वतःबद्दल बोलायच्या. वय सत्तरीच्या बरंच पुढे, आणि जिने चढायच्या आमच्या आधी.

आमच्या गल्लीत समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटीभर साखर देता येते. जमिनीपर्यंत ऊन पोचत नाही. त्यात जानेवारीचं धुकं. काकू जिन्याच्या खिडकीशी उभ्या राहून किल्ल्याची वाट बघायच्या. धुकं फाटून किल्ल्याची भिंत दिसायला लागली की जिन्यातून हाक यायची, "किल्ला दिसला गं, चला वर. ऊन निघालं." पुण्याच्या पाहुण्या या 'निघालं'ला हसायच्या, त्यांच्याकडे ऊन पडतं. काकू म्हणायच्या, "तुमच्याकडे पडत असेल. आमच्याकडे शोधावं लागतं, तेव्हा कुठे निघतं."

मग सतरंज्या, मटाराच्या शेंगा, तेलाची वाटी आणि तान्ही बाळं असा सगळा संसार वर जायचा. पहिल्या मजल्यावरची रचनाभाभी नवी सून होती. तिच्या सासूने एकदा जिन्यातच अडवलं, "बहू काली पड़ जाएगी, काकी." काकूंनी रचनाभाभीचा हात सोडला नाही. "काली होगी, टेढ़ी नहीं होगी," म्हणाल्या, आणि तिला वर घेऊन गेल्या. हे वाक्य त्यांनी निदान तीन भाषांत वापरलं असेल. मराठीत ते "काळी होईल, वाकडी नाही होणार," असं होतं, आणि इंग्रजीत नुसता हात वाकवून दाखवायच्या.

वाकडी म्हणजे काय, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, मटार सोलता सोलता, आवाज न बदलता. माहेर मुरारचं, फौजी मराठ्यांचं. बायकांना पडदा. धाकट्या म्हणून या अंगणात हुंदडायच्या, पण थोरल्या बहिणीला वयात आल्यापासून आतल्या खोलीबाहेर उन्हात उभी राहिलेली कोणी पाहिली नाही. लहानपणी मुडदूस झालेलाच होता. पुढे कंबर दुखायची, चालताना झोके जायचे. घरच्यांना वाटलं, नाजूक आहे. लग्न झालं. बाळंतपणात अडली. "हाडं मऊ होऊन आत दबली होती. बाळाला वाट मिळाली नाही," काकू म्हणाल्या. "दोघं गेली. आमच्याकडे सगळे बोलले, खानदानी मुलगी होती, शेवटपर्यंत कोणाच्या नजरेस पडली नाही." मग त्यांनी सोललेले दाणे माझ्याकडे सरकवले आणि किडके वेगळे काढायला सांगितलं.

मी बायकांच्या आरोग्यावर पत्रकं काढते आणि वाटते. उन्हामुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत नीट पोचत नाही, मुलांची हाडं वाकतात आणि मोठ्यांची ठिसूळ होतात, हे मी छापलेलं होतं. काकूंनी पत्रक नीट वाचलं आणि विचारलं, "काय गं पुढारीण, हे वाटतेस कुठे?" मी म्हटलं, घराघरांत. "म्हणजे सावलीत," त्या म्हणाल्या. "गच्चीवर वाट. वाचेपर्यंत तरी बसतील."

औषधाशी त्यांचं वैर नव्हतं, हेही लिहिते, कारण उन्हाच्या नावाखाली औषधं फेकायला लावणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. डॉक्टरने आठवड्यातून एकदा घ्यायला दिलेली ड जीवनसत्त्वाची पुडी तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई रोज दुधात घालून पीत होत्या. लवकर गुण येईल म्हणून. काकूंना कळलं तेव्हा त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर विचारलं, "एकादशी रोज करतेस का? मग आठवड्याची पुडी रोज कशी?" आणि त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. जास्तीच्या पुड्यांनी मूत्रपिंडं बिघडतात, ते डॉक्टरने सांगितलं.

आता रथसप्तमी. काकू दरवर्षी त्या दिवशी गच्चीवर रांगोळीचा सूर्य काढायच्या, गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध तापवायच्या आणि ते पूर्वेला उतू जाऊ द्यायच्या. त्या वर्षी आम्ही बोळकं, दूध आणि गोवऱ्या घेऊन वर गेलो तर दाराला नवंकोरं कुलूप. सोसायटीचे सेक्रेटरी मागून आले. गच्चीवर सौर पॅनेल बसली होती, मुलं खेळतील, काच फुटेल. "आंटीजी, छत पर अब कोई नहीं जाएगा. कमेटी का फैसला है." काकूंनी विचारलं, "कमेटीत कोण कोण आहे, भैया?" त्यांनी नावं सांगितली. सगळी पुरुषांची, आणि सगळे दिवसभर बाहेर असणारे. काकू म्हणाल्या, "म्हणजे ज्यांना रस्त्यावर ऊन फुकट मिळतं ते." सेक्रेटरी हसले. त्यांना तो विनोद वाटला. काकूंनी बंद दारासमोरच, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, घरातून छोटा स्टोव्ह आणवून दूध तापवलं. ते कुलपाच्या दिशेने उतू गेलं आणि दाराखालून पलीकडे गेलं. तेवढंच काय ते गच्चीवर पोचलं.

पॅनेलांना माझा विरोध नाही. पण गच्चीची एक बाजू पूर्ण मोकळी होती आणि आजही आहे. अर्ज केले, पत्रक काढलं, दोनदा बैठक मागितली. उत्तर एकच, बाद में देखेंगे.

काकूंचा मुलगा सुहासदादा दर्पण कॉलनीत राहतो. भला माणूस. आईला उन्हाशिवाय करमत नाही हे त्याला कळत होतं, म्हणून पुढच्या थंडीत त्याने तिला आपल्याकडे नेलं. बाल्कनीला सरकत्या काचा बसवून घेतल्या, वेताची खुर्ची ठेवली. मी भेटायला गेले तेव्हा तो कौतुकाने म्हणाला, "बघ, धूप पण आणि हवा पण नाही. आईला सर्दीचा त्रास नको." खोली खरंच उबदार होती. काकू बाह्या सारून, काचेकडे पाठ करून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "इथून किल्ला दिसत नाही. बाकी ठीक."

घरच्या डॉक्टरने त्या हिवाळ्यात त्यांना पुडी लिहून दिली होती. काकूंनी ती परत केली. "मी रोज उन्हात बसते. माझ्या वाटची कोणा सावलीतल्या बाईला द्या." तिथे कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही. सुहासदादा इंजिनियर, सून शाळेत शिकवते, मी पत्रकं छापणारी.

थंडी संपताना त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या. पडणं साधं होतं, पण खुब्याचं हाड मोडलं. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व जवळपास नव्हतंच. सुहासदादा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरशी जवळजवळ भांडला.

"असं कसं होईल? आई रोज तासन्‌तास उन्हात बसते."

"बाहेर?"

"बाल्कनीत. काचा लावल्या आहेत, हवा लागू नये म्हणून."

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "काचेतून ऊब येते. उन्हातल्या ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व बनतं, ते काच अडवते. त्या अख्खा हिवाळा सावलीतच होत्या, असं समजा."

सुहासदादा खाली बसला. काकू पलंगावरून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ताईला ऊन पडद्यातून दिसायचं, मला काचेतून. सुधारणा झाली म्हणायची." आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, "तू नको रे मनाला लावून घेऊ. तू ऊनच आणायला गेला होतास."

त्यानंतर त्या उठल्या नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं जे होतं, ते झालं. छातीत कफ साठला आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी त्या गेल्या. कुलपाने काकू मेल्या असं मी म्हणत नाही. वय होतं, असं जे म्हणतात त्यांचं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी इथे लिहिलं आहे.

सेक्रेटरींनी तेराव्याला हात जोडले. आता ते गच्ची रविवारी उघडतात. ऊन रोज येतं. रचनाभाभीला मुलगी झाली आहे. ती तिला घेऊन बाकीचे दिवस जिन्याच्या खिडकीशी उभी असते, काच पूर्ण सरकवून, बाळाचे पाय बाहेरच्या हातभर उन्हात धरून. किल्ला दिसला की तीच आता हाक मारते. हाक ऐकून बायका दार उघडतात, वर कुलूप आहे हे आठवतं, आणि दार लावून घेतात.

हे तुम्ही घरात बसून वाचत असाल. तुमच्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कोणाकडे आहे, ते माहीत आहे? नसेल तर आत्ता उठा आणि विचारा. घरातल्या म्हातारीची खुर्ची काचेमागे असेल तर ती बाहेर काढा. किल्ली मिळाली नाही तर दारासमोर बसा, आणि मिळेपर्यंत उठू नका.