शहिदाची विधवा आणायला गेलो तेव्हा

नागपूरहून निघालो तेव्हा काखेत पांढऱ्या लुगड्याचं पुडकं होतं. रावसाहेबांनी बजावलं होतं, "रविवारी दुपारी शहिदाची विधवा मैदानावर हजर पाहिजे. नाहीतर चुना मारायला मला दुसरा माणूस मिळेल."

चुना म्हणजे मैदानावरच्या रेघा. रावसाहेब अध्यक्ष असलेल्या हॉकी क्लबात मी रेघा मारतो, पाणी शिंपतो, गोलाच्या जाळ्या शिवतो. चौथीत शाळा सुटली, कऱ्हाडाकडून इतक्या लांब आलो, तेव्हा त्यांनी जाळ्यांच्या खोलीत राहायला जागा दिली. ते उपकार मी विसरत नाही. विसरायला लागलो तर ते आठवण करून देतात.

शहीद म्हणजे हवालदार जयराम, क्लबाचा उजव्या कडेचा खेळाडू. तो होता तोवर क्लब प्रांतात अजिंक्य होता, असं जुने लोक सांगतात. मग लढाई लागली. गोऱ्या साहेबाला खूश करायला अध्यक्षांनी पुढच्या फळीतले पाचही जण भरतीच्या रांगेत नेऊन उभे केले. खेळाडू ब्रह्मदेशात गेले आणि अध्यक्ष 'रावसाहेब' झाले. क्लबात एकही परतला नाही, जयरामचा तर पुढे पत्ताही लागला नाही. स्वराज्य आल्यावर रावसाहेबांना देशभक्ती दाखवायला काहीतरी हवंच होतं, म्हणून यंदा 'शहीद जयराम स्मृतिचषक' निघाला. इंग्रजाच्या फौजेत गेलेला माणूस आपला शहीद कसा, हे विचारण्याइतकं माझं शिक्षण नाही.

नागभीडला गाडी बदलली. छोटी गाडी झाडीतून अशी चालते की एका उतारूची टोपी उडाली, तो उतरला, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि आपल्याच डब्यात परत चढला. सिंदेवाहीला उतरलो. आमच्या कऱ्हाडाकडे थंडीत शाळू हिरवागार असतो, इकडे भात कापून झालेला. बांधाबांधावर धानाचे पुंजणे (कापलेल्या भाताच्या रचलेल्या गंज्या) उभे होते. जयरामच्या गावाकडे जाणारी एक बंडी (बैलगाडी) मिळाली.

"कोणाकडे जाऊन राह्यले भाऊ?" बंडीवाल्यानं विचारलं.

"हवालदार जयरामच्या घरी."

त्यानं बैल थांबवले, खाली वाकून थुंकला आणि दोन्ही कान धरले. "ते नाव काऊन घेता बापा? तो मेला."

"ठाऊक आहे. त्याच्या बायकोकडे काम आहे."

"तिचं तं दुसरं लगन झालं."

विधवाविवाहावर रावसाहेब भाषण फार सुंदर करतात, पण चषकाला हात लावायला त्यांना अस्सल विधवाच लागणार होती. बंडीवाल्यानं बैल हाकले. तळी येत होती, बगळे उडत होते, आणि मला समोर फक्त माझी वळकटी क्लबाच्या फाटकाबाहेर पडलेली दिसत होती.

घरासमोरच्या खळ्यात एक लंगडा माणूस कुऱ्हाडीचा दांडा तासत बसला होता. धानावर कोंबडी आली. त्यानं बसल्या जागेवरून दांड्याच्या टोकानं गोवरीचा तुकडा टोलवला. तुकडा दोन बैलांच्या पायांमधून सरपटत गेला आणि बरोबर कोंबडीच्या चोचीपुढे थांबला. मी रोज हॉकी बघतो. असं मनगट आमच्या क्लबात आज एकाचंही नाही.

घरातून बाई पाणी घेऊन आली. घाबरलेला माणूस आधी हातातलं ओझं टाकतो. मी पुडकं तिच्या हातात ठेवलं. तिनं सोडलं, पांढरं लुगडं पाहिलं आणि ते माझ्याच तोंडावर फेकलं.

"डोये फुटले काय तुहे? माह्या कपाळावर कुकू दिसत नाई? माहा नवरा समोर बसून हाये!"

"दुसरा ना?" मी म्हणालो. मूर्खपणाला शिक्षण लागत नाही.

खळ्यातला माणूस पोट धरून हसायला लागला. "दुसराही मीच अन् पयलाही मीच. बस. क्लबातला होय ना तू? चुन्यानं नखं पांढरी हायेत तुही."

मग त्यानं सांगितलं. फौजेकडून तो बेपत्ता, बहुधा मेला, असा कागद आला. देह नाही म्हणून गावानं पळसाच्या काड्यांचा पुतळा करून जाळला, तेरवी (तेराव्याचं जेवण) घातली. दीड वर्षानं हा ब्रह्मदेशातून पाय ओढत दारात उभा. आईनं दार लावून घेतलं. जाळलेला माणूस घरात कसा घेणार? जाणत्यांनी तोड काढली: याला नव्यानं जन्माला घाला.

"उकिरड्यावर बसवलं मले, अन् मायनं उचलून घरात नेलं. तिच्यानं कुठी उचलवते? चार जण लागले. मिशीसकट बारसं झालं माहं. उकिरड्यावरचा म्हणून नाव ठेवलं उकंडा. मंग हिच्याशीच पुन्हा लगन."

"पयल्या खेपेले बरा होता," बाई म्हणाली. "तवा लंगडत नव्हता."

जुनं नाव मात्र गावात कोणी काढत नाही. ते मरण अजून नाव हुंगत फिरतं, ऐकलं की उरलेलं काम पुरं करायला येतं, असं मानतात. मी ते बंडीतच घेतलं होतं.

"सरकारला कळवलं नाहीत जिवंत आहात म्हणून?"

"ज्याच्या नावाचा कागद हाये, तो मेला. उकंडाले तं सरकारनं कधी भरतीच केलं नाई." मग त्यानं हळूच विचारलं, "तो अध्यक्ष जिता हाये?"

"रावसाहेब झाले."

"आमी पाच जण गेलो. मी एकटाच परत आलो. चार जिवांत पदवी भेटली तं सस्तीच पडली त्याले."

बाईनं तळ्यातल्या मासोळीचा रस्सा आणि भात वाढला. जेवताना मी चषकाचं आणि विधवा न्यायचं सगळं सांगून टाकलं. नोकरीचं सांगताना डोळ्यांत पाणी आलं, त्यात रश्श्याचा दोष निम्माच.

"मी विधवा बनून येऊ?" बाई कडाडली. "हा इथी जेवून राह्यला अन् मी तिथी कपाळ पुसू?"

"तू नको येऊ," उकंडा म्हणाला. "मी जातो. मयताचा गाववाला म्हणून. याच्या पोटाचा सवाल हाये."

बाईनं माझा हात भातावर ठेवला. "ते नाव याच्यासमोर तोंडातून काढणार नाई, म्हण."

मी म्हणालो.

रविवारी मैदान भरलं होतं. टेबलावर चषक, मागे हार घातलेला फोटो, आणि फोटोखालीच उकंडा उभा, टोपी हातात घेऊन. ज्यांनी त्याला भरतीच्या रांगेत लोटलं त्या रावसाहेबांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"हा कोण? विधवा कुठे?"

खरं सांगितलं तर चषक, भाषण आणि नोकरी तिन्ही बुडणार. शिवाय शपथ मोडणार. शपथ पाळायची होती म्हणून गप्प राहिलो, असं लिहायला मला आवडलं असतं. नोकरीही होती.

"उकंडराव. मयताच्या गावचे. बाईंना जमलं नाही."

रावसाहेबांचा चेहरा उतरला, पण समोर लोक होते. त्यांनी उकंडाच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं विचारलं, "सांगा बंधू, त्या वीराचे शेवटचे शब्द काय होते?"

"तो म्हणे," उकंडा शांतपणे बोलला, "पुढची लढाई लागली का पयले रावसायबाले पाठवजा."

मागच्या रांगा हसून लोळल्या. रावसाहेबही हसले, टाळ्या वाजवल्या आणि बक्षिसं घाईनं आटोपली.

स्टेशनवर पोचवताना मी विचारलं, "वाईट वाटलं का?"

"कायचं? दोन तेरव्या झाल्या माह्या. पयली चुकली, ही पाह्यली." गाडी हलली तसा तो खिडकीतून ओरडला, "त्या उजव्या कडेच्या पोराले सांगजो, बॉल धरून नको ठेवू!"

महिन्यानं क्लबाचा अहवाल निघाला. त्यात शहिदाचे शेवटचे शब्द जाड अक्षरांत आहेत: 'रावसाहेबांना माझा पहिला प्रणाम सांगा.' कागद छापखान्यात मीच पोचवला. चौथीपर्यंतची शाळा तेवढं वाचायला पुरते. वाटेत झाडाखाली थांबून दोनदा वाचलं, खिशात खोडायला पेन्सिल होती, आणि छापखाना बंद होईल म्हणून मी पाय उचलले.