शेजारणींच्या नावावर उणे

मलेशियातल्या त्रेंगानूच्या किनाऱ्यावर घरोघरी मासळीचे क्रोपोक, म्हणजे पापड, करून विकणाऱ्या बायकांवर रोहानीचा प्रबंध होता. घरच्यांची मदत आणि शेजारणींची मदत, दोन्हींमुळे धंदा वाढतो, हे तिचं म्हणणं. दोनशे बारा बायकांकडून तिने प्रश्नावली भरून घेतली, आकडे संगणकात घातले, प्रत्येक मदतीचा एक गोल काढून तो धंद्याच्या गोलाला बाणाने जोडला आणि बटण दाबलं. घरच्यांच्या बाणावर घसघशीत अधिक आला. शेजारणींच्या बाणावर आला उणे. म्हणजे शेजारीण मदतीला आली की धंदा बसतो!

चव्वेचाळिसाव्या वर्षी रोहानीबाईंवर ही वेळ. ती शिकवत होती त्या पॉलिटेक्निकमधून मिळालेली अभ्यासाची रजा सहा आठवड्यांत संपत होती. तेवढ्यात प्रबंध दिला नाही तर पदवी विसरायची.

"चिन्ह उलटलं म्हणून रडतेस काय?" मार्गदर्शक प्रोफेसर चिआ म्हणाल्या. "का उलटलं ते शोध. ओढूनताणून काही लिहिलंस तर मी सही करणार नाही."

शेजारच्या टेबलावर प्रबंध लिहिणाऱ्या फैझुलला मात्र यात काहीच अवघड वाटेना. "कक," तो ताई म्हणावं तसं म्हणाला, "आपण आधीपासून उणेच म्हणत होतो, असं लिहून टाका ना! शेजारणी लुडबुड करतात, धंदा बुडतो. छापायला लगेच घेतील."

रोहानीने तसं प्रकरण लिहिलंही. बारा पानं झरझर उतरली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. वडील गेल्यावर आई ज्या शेजारणींच्या जिवावर उभी राहिली, त्यांचीच आपण बारा पानं चुगली केली होती.

सकाळी ती गाडी काढून थेट मक चिक सेमेककडे, म्हणजे सेमेकमावशीकडे गेली. पहिली प्रश्नावली याच म्हातारीने भरली होती. सेमेक मासळी आणि साबुदाण्याच्या पिठाचं कणकेसारखं मिश्रण मळत होती, शेजारची मिनाह वळलेल्या कांड्यांच्या चकत्या कापत होती.

"मक चिक, शेजारणींच्या मदतीने तुमचं नुकसान होतं का हो?"

"कोण मेला म्हणतो?"

"सगळ्यांच्या उत्तरांतून तसं निघतंय."

"माझ्या नाही हं! मी दोन्हीकडे पाचपैकी पाच लिहिले. एकच गोष्ट तू दोनदा विचारलीस. मला वाटलं, म्हातारी खोटं बोलते का ते बघतेयस."

"एकच कशी? एक घरचे, एक शेजारीण."

"ही मिनाह शेजारीण? मी तापाने पडले होते तेव्हा माझ्या धाकट्याला हिने अंगावर पाजलंय. हिच्या मुलींचा तो भाऊ झाला, आपल्या धर्मात लग्नसुद्धा चालत नाही त्यांच्यात. आणि तू हिला कागदावर दाराबाहेर बसवतेस?"

"बसव गं बाई," मान वर न करता मिनाह म्हणाली, "चहा तेवढा बाहेर पाठव."

रोहानीला हसावं की रडावं कळेना. प्रश्न तिने परदेशातल्या कुठल्याशा शहरातल्या अभ्यासातून जसेच्या तसे उचलले होते. तिथे दाराच्या आत घरचे आणि बाहेर शेजारी, असा चोख हिशोब असेल. इथे दार लावतं कोण?

परत येऊन तिने शेजारणींचा गोल एकटाच ठेवून पाहिला. अधिक! दोन्ही गोलांची उत्तरं जवळजवळ हुबेहूब होती. एकाच कामाचं श्रेय दोघांत वाटताना गणिताने एकाला वाजवीपेक्षा जास्त दिलं आणि दुसऱ्याच्या नावावर उणे टाकलं. ते दाखवणारा तक्ता निकालाच्या तिसऱ्या पानावर पहिल्यापासून होता. बाईंनी बाण सोडून दुसरं काही वाचलं असेल तर शपथ.

बारा पानं तिने पुसून टाकली. दोन्हींचा मिळून एक गोल केला, तो का केला ते लिहिलं, आणि खाली सरळ कबूल केलं: बायकांची उत्तरं बरोबर होती, माझे प्रश्न चुकले होते. मूळच्या दोन दाव्यांतला एक हातचा गेला. प्रोफेसर चिआंनी ते वाक्य दोनदा वाचलं. आता लाल पेन फिरणार, असं रोहानीला वाटलं. त्यांनी निळं पेन काढलं आणि सही केली. रजेचे चार दिवस शिल्लक होते.

बाहेर व्हरांड्यातूनच तिने सेमेकला फोन लावून सगळं सांगितलं.

"मिनाह, ऐकलंस का गं!" पलीकडे म्हातारी ओरडली. "तुझी मदत चांगली निघाली म्हणे, संगणकाने सांगितलं!"

"ते राहू दे," मागून मिनाहचा आवाज आला. "त्या पोरीची पदवी वाचली का, ते विचार आधी."

"वाचली," रोहानी म्हणाली, आणि पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागली.