बारवेच्या मोरीतला हिरवा खण

"पाणी चढलं की आधी पाण्यातल्या देवींची, आसरांची ओटी, मग बाकी समदं," मी नवी नवरी असताना सासूबाईंनी बजावलं होतं.

मैत्रिणींनो, आज सकाळी दुधना नदीला पूर आला, तेव्हा आम्ही बायकांनी तेच केलं. वेशीबाहेरच्या प्राचीन, पायऱ्यांच्या बारवेत खण-नारळ सोडले.

दुपारी तिची नक्षीची ओवरी कोसळली. रझाकारांच्या दिवसांत आम्ही लेकरं घेऊन तिथंच लपलो होतो.

गड्यांनी पाणी जायची मोरी उपसली, तर आत आमचीच ओटी अडकून पाणी तुंबलेलं, त्यानंच ओवरी खचलेली.

"वैनी, हिरवा खण तुमचाच न्हाई का?" शेजारचे किसनराव म्हणाले. माझाच होता तो.

पूर अजून चढतोय. ओटी पाण्यात नको, वर ठेवू म्हटलं, तर सासूबाई म्हणतात, "आसरा काय वर बसत्यात?" तुम्हीही हेच म्हणाल. तरी उद्याची ओटी वरच्या पायरीवरच ठेवा, एवढं ऐका.