ओबो आणि सात जण

सुभेदारकाकांच्या घरी पाणी प्यायचं झालं तर पेला आधी उजेडात धरून बघावा लागे. कुठल्याही पेल्यात, वाटीत, एकदा तर देवापुढच्या पंचपात्रात, ओबो या विलायती फुंकवाद्याची पत्ती भिजत पडलेली असायची. सनईला असते तशीच, दोन पातळ पाती दोऱ्याने बांधलेली. पहिल्याच भेटीत मी तिच्यासकट घोट घेतला. ते शांतपणे म्हणाले, "गिळू नको गं. तीन दिवस तासलीय ती."

मी सांगलीहून दूर उत्तरेत, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत नोकरीला आले आणि शहराच्या कडेला मनीमाजऱ्यात त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिले. काका मूळचे साताऱ्याकडचे. लष्कराच्या बँडमध्ये उभा जन्म ओबो वाजवून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. मुलगी कॅनडात होती. काकू मी येण्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. गल्लीत त्यांच्याशी मराठी बोलणारी मी एकटी, आणि मीही दिवसभर बाहेर. संध्याकाळी फाटक वाजलं की ते आतून फक्त "आलीस का?" म्हणत. उत्तर दिलं की पुढे काही नाही. तेवढंच त्यांना हवं असे.

शेजारच्या पंजाबी आजी, बीजी, ओबोला शहनाई म्हणत आणि नातीच्या लग्नात वाजवायला सांगत. काकांनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. मला मात्र एकदा त्यांनी त्या वाद्याची गंमत सांगितली. बाकीच्या वाद्यांत दम कमी पडतो, ओबोत तो उरतो. पत्तीचं तोंड इतकं बारीक की छातीतली हवा संपतच नाही. नवा श्वास घ्यायच्या आधी जुना टाकावा लागतो. "लोकांना वाटतं म्हातारा धापा टाकतोय," ते म्हणाले. "मी जागा करत असतो."

काकू गेल्यावर ते स्वतः रचना लिहू लागले होते. पाश्चात्त्य शास्त्रीय धाटणीच्या, ओबो आणि आणखी सात जणांसाठी: एक फ्लूट, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बॅसून. लांब वह्यांवर पट्टीने रेघा मारून पेन्सिलीने लिहीत. दर रविवारी ते लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओळींपुढे वाद्यांची नावं नव्हतीच. तिथे त्यांच्या बँडमधली माणसं होती. फ्लूटपुढे जोसेफ, क्लॅरिनेटपुढे गुरमीत, हॉर्नपुढे थापा. मी विचारलं, इथे वाद्यांची नावं घालू का?

"वाद्यासाठी कोण लिहितंय? मी थापासाठी लिहितोय."

थापाला दमा होता, म्हणून दर आठ मात्रांनंतर त्याला विराम. जोसेफचा वरचा सूर फाटायचा, म्हणून त्याला खालीच फिरवलेलं. गुरमीत घाई करायचा, म्हणून त्याच्या वाट्याला लांबलचक सूर. मी सहज विचारलं, हे सगळे आता कुठे असतात? जोसेफ तीन वर्षांमागे गेला होता. थापा त्याच्याही आधी. गुरमीत अंबाल्याला होता, पण मेंदूच्या झटक्यानंतर काकांना ओळखत नव्हता. उरलेल्यांचं विचारायचा धीर मला झाला नाही. काकांनी वहीवर बोट ठेवलं. "तो विराम नीट टाक. त्याला दम पुरायचा न्हाई."

लॅपटॉप ही रचना कृत्रिम आवाजात वाजवून दाखवी, पण त्यांनी ती एकदा तरी खऱ्या वाद्यांवर ऐकावी असं मला फार वाटे. एका सहकाऱ्याच्या ओळखीने शेजारच्या पंचकुल्याहून बँडमध्ये वाजवणारे सात तरुण यायला तयार झाले. डिसेंबरातल्या उन्हात गच्चीवर खुर्च्या मांडल्या. काकांनी ब्लेझर घातला, सगळ्यांसाठी पोहे केले, आणि स्वतः ओबो घेऊन मधोमध बसले. पहिल्याच पानावर हॉर्नवाला मुलगा थांबला आणि अदबीने म्हणाला, "अंकलजी, यहाँ रुकना क्यों है? मैं तो पूरा खींच लूँगा."

काकांनी त्याच्यापुढचा कागद उचलला. मला वाटलं, आता थापाची गोष्ट सांगतील. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली.

"नाम क्या है, बेटा?"

"विक्रम, जी."

त्यांनी 'थापा' खोडून 'विक्रम' लिहिलं आणि विराम पुसून सूर पुढच्या सुराला जोडला. मग एकेकाजवळ जाऊन सातही नावं बदलली. रचना सुरेख वाजली. आजूबाजूच्या गच्च्यांवरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी वाकून नमस्कार केला, पुन्हा यायचं पक्कं केलं, आणि नोकरीधंद्यात पुन्हा कुणाला जमलं नाही.

त्या संध्याकाळी मी भाजी घेऊन खाली गेले तर ते ब्लेझर न काढताच बसले होते. समोर ते खोडलेल्या नावांचे कागद.

"आज सगळ्यांना मीच घराबाहेर काढलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, रचना तर जगली ना काका. त्यांनी मान हलवली, पण माझं म्हणणं पटलं म्हणून नव्हे.

त्यानंतर त्यांनी एकच रचना लिहिली. तिच्यात ओळींपुढे फक्त वाद्यांची नावं होती. ती मी उतरवून पूर्ण केली आणि रजेवर सांगलीला गेले. मी परतायच्या आधी काका गेले होते, दुपारी, खुर्चीत.

घर आवरायला त्यांची मुलगी आली. तिला मराठी समजे, पण बोले ती हिंदीत. वह्या हातात घेऊन तिने विचारलं, हे काय आहे? मी तिला लॅपटॉपवर ती शेवटची रचना लावून दिली. ऐकता ऐकता ती म्हणाली, "इसमें पापा कौन-से हैं?"

मी पडद्यावरची ओबोची ओळ दाखवली. ती म्हणाली, बाकी सगळे बंद कर.

मी एकेक करून सातही वाद्यं बंद केली. ओबो थोडा वाजला आणि थांबला. पुढे पानभर त्याला विरामच होते. उतरवून घेताना बाकीच्यांच्या गजबजाटात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पडद्यावरची रेघ आवाजाशिवाय पुढे सरकत होती. मी पान पुढे ढकलायला हात नेला, तर तिने माझं मनगट धरलं.

"रहने दो," ती म्हणाली.

आम्ही दोघी जमिनीवर बसून राहिलो, शेवटच्या मात्रेपर्यंत.