मोकळी गाडी

निमगाव केतकीच्या भिमा देवकात्याला सरकारी गाडीचा भारी तोरा होता. बारामतीच्या विश्रामगृहाची पांढरी अँबेसिडर त्याच्या ताब्यात होती आणि साहेबांखेरीज तिच्यात कुणाला बूड टेकू द्यायचं नाही, असा त्याचा बाणा. बाप सोनबा जन्मभर मेंढरांमागं पायी हिंडलेला. एकदा म्हातारा नुसता म्हणाला, मागच्या गादीवर बसून वेशीपर्यंत जाऊन येऊ. भिमानं त्यालाही, सरकारी गाडी हाय आबा, म्हणून वाटेला लावलं. म्हातारा हसला आणि गाडीच्या सावलीत तंबाखू मळत बसला. भिमाची बायको सारजा मात्र तेव्हापासून त्या गाडीला सवत म्हणायची.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात कुठल्याशा देशाचे राष्ट्राध्यक्ष इकडची शेती बघायला येणार असं ठरलं. देशाचं नाव गावात कुणाला धड घेता येईना, पण वर्षानुवर्षांचे खड्डे त्या नावानं बुजले. पाहुणे बारामतीला हेलिकॉप्टरनं उतरून मोटारीनं इंदापूरला जाणार होते. त्यांची काळी गाडी खास दिल्लीहून आली. अशा गाडीच्या मागं एक मोकळी गाडी पळवतात. पुढची बंद पडलीच, तर पाहुण्यांना हिच्यात घ्यायचं. हिच्यात ड्रायव्हरशिवाय कुणी बसायचं नाही आणि वाटेत कशासाठीही थांबायचं नाही. ते काम भिमाला मिळालं.

त्यानं घरी येऊन सगळ्यांना बजावलं की फाट्यावर उभे राहा, काळ्या गाडीच्या मागची माझी. आबांना म्हणाला, तुमी पुढं उभं राहा, मी हात करतो.

त्या दिवशी भिमानं गादीवर नवी पांढरी खोळ चढवली, कडक इस्त्रीचा पोशाख घातला आणि ताफा निघाला. निमगावच्या फाट्यावर पोलिसांनी दोरी बांधून सगळं अडवून धरलं होतं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, एक जीप, सगळं एका कडेला. दोरीला रेटून सारजा उभी होती, दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होती. गाडीच्या काचा बंद होत्या. भिमाला भरून आलं. एवढी लाजरी बाई, आणि आज आपल्यासाठी चारचौघांत हात हलवतेय. त्यानंही हसून ऐटीत हात केला आणि काळ्या गाडीमागून निघून गेला. आबा काही दिसले नाहीत. गर्दीत असतील, असं त्याला वाटलं.

आबा जीपमध्ये होते. सकाळीच छातीत कळ आली म्हणून सारजा शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना इंदापूरच्या दवाखान्यात घेऊन निघाली, तर फाट्यावर रस्ता बंद. तिनं पोलिसांचे पाय धरले. पाहुणे गेल्याशिवाय सोडता येत नाही, एवढंच ते म्हणाले. मग तिला मागची गाडी आठवली. मोकळी, इंदापूरलाच निघालेली आणि आपल्याच माणसाची. रिकाम्या गादीला त्या दिवशी रस्ता होता, मरणाऱ्या म्हाताऱ्याला नव्हता. ताफा गेल्यावरही दोरी बराच वेळ सुटली नाही. सुटली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी भिमा मिठाईचा पुडा घेऊन घरी आला, तर अंगणात माणसं बसलेली. तुला कसं ठाऊक असणार, असं जो तो म्हणाला. राख सावडून आल्यावर भिमानं तिला पुन्हा समजावलं की थांबायचा हुकूमच नव्हता, थांबलो असतो तर नोकरी गेली असती.

"न्हाय थांबला, त्याचं मी काय म्हणत न्हाय," सारजा म्हणाली. "पन मी आबासाठी गाडी आडवत हुते, आन् तुमी हसून हात केला."

भिमा पुढंही तीच गाडी चालवत राहिला. फाट्यावर ओळखीच्या कुणी हात केला, तरी त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच असत आणि नजर समोर. सरकारी गाडी हाकून माणूस शेफारला, असं गाव म्हणू लागलं. ते सारजाच्या कानावर यायचं, पण तिनं कधी कुणाला खरं सांगितलं नाही.